कॉलरच्या आतलं नाव

कामरगावच्या बसस्टँडमागं जुन्या साड्यांची जाकिटं शिवायचा कारखाना निघाला, तेव्हा नसीमला तिथं आणलं ते रत्नमालानंच. आणि आता नाव कुणाचं, तर नसीमचं! पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं तिच्याच हातचं मागायची. तिचं कौतुक कानावर आलं की रत्नमालाला डब्यातली भाकर गोड लागत नसे.

इथली रीत अशी, की जाकीट जिनं शिवलं तिनं आपलं नाव कॉलरच्या आत दोऱ्यानं भरायचं. पुढं कधी फाटलं तर ते परत यायचं आणि त्याच बाईनं सांधून द्यायचं. दुसरीचं काम आपल्या नावावर खपवलं तर कारखान्यातून कायमची सुट्टी, हे चालक सुकेशनीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दिवाळीआधी नसीमनं एका जांभळ्या सुती साडीचं जाकीट केलं. धावदोरा इतका बारीक, की रत्नमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत तिनं ब्लेडनं नसीमचं नाव उसवलं, आपलं भरलं आणि जाकीट पार्सलात घातलं.

काही दिवसांनी गिऱ्हाइकाचा निरोप आला. सुकेशनीनं सगळ्यांसमोर सांगितलं, “जांभळं जाकीट लय आवडलं बाईले. रत्नमाला, तुही तारीफ करून राह्यली.” रत्नमाला फुलून गेली. नसीम खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती.

उन्हाळ्यात ते जाकीट परत आलं, कोपरावर फाटलेलं. ज्या हातानं शिवलं त्याच हातानं सांधा, असा बाईंचा आग्रह.

रत्नमालानं सांधलं, उसवलं, पुन्हा सांधलं. तिचा टाका जांभळ्या कापडावर परक्यासारखा उठून दिसे. शेवटी लाज गिळून ती नसीमजवळ जाऊन बसली.

“हे मले जमून नाही राह्यलं.”

“येशीन, माहीत होतं मले,” नसीम म्हणाली. “दे इकडं.”

“तुले तवाच समजलं होतं? मंग काहून नाही बोलली?”

“तुले काढून टाकलं असतं, तं मी डबा कोणासंगं खाल्ला असता?”

नसीमनं कोपर असं सांधलं, की फाटलं कुठं होतं तेच रत्नमालाला सापडेना. “नाव राहू दे तुह्यंच,” नसीम म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

नसीम भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर रत्नमालाला बरं वाटलं असतं. फिट्टंफाट झाली असती. हातानं ती सरस होतीच, आता मनानंही सरस निघाली. रत्नमालाचा नुसता जळफळाट झाला.

त्या जळफळाटातच तिनं ब्लेड घेतलं, कॉलरमधलं आपलं नाव उसवलं आणि जाकीट घेऊन ती सुकेशनीच्या टेबलाकडं निघाली. निदान एवढ्या बाबतीत तरी ती नसीमला पुढं जाऊ देणार नव्हती.