ऑर्व्हलचा ट्रक आणि हरकतीचा कागद

मी एक ट्रक. बंद हौद्याचा, सोळा फुटी, एकेकाळी पांढरा. मला बोलायची सवय नाही, घरघरायची आहे. पण आमच्या अंगणात जे झालं त्यानं मी असा हादरलोय की आता गप्प बसवत नाही.

आधी मी पाव वाहायचो. डोंगरातल्या आमच्या गावची बेकरी बंद पडली आणि लिलावात मला ऑर्व्हल स्टिडहॅमनं घेतलं. कोळशाच्या खाणीतली नोकरी सुटल्यावर त्याला काहीतरी स्वतःचं करायचं होतं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ग्लेनानं, माझ्या दारावर स्वतः रंगवलं, ‘स्टिडहॅम. घरसामान हलवणारे.’ ग्लेनाच्या ओळी जरा खाली घसरल्या, पण मी दार मोठ्या तोऱ्यात मिरवायचो.

आमच्याकडे घर बदलायचं म्हणजे चर्चमधली माणसं गोळा करायची, त्यांना घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खाऊ घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कंबर धरून बसायचं. ऑर्व्हल आणि मी आल्यावर लोक सुटले. महिनाभरात आम्हाला उसंत मिळेना.

मग एका सकाळी रस्त्यावर तपासनिसानं अडवलं.

“परवाना?”

“माझा आहे, गाडीचा आहे, विमाही आहे,” ऑर्व्हल म्हणाला.

“तो नव्हे. सामान हलवायचा परवाना.”

ग्लेनानं राज्याचा नियम माझ्या पायरीवर बसून वाचून दाखवला. अर्ज करायचा, जाहीर नोटीस द्यायची. आधीपासून धंद्यात असलेल्यांपैकी कुणी हरकत घेतली, तर जिल्ह्याला आणखी एका ट्रकची गरज आहे हे अर्जदारानंच सिद्ध करायचं.

“म्हणजे मी धंदा करू का, हे त्याच धंद्यातल्या लोकांना विचारायचं?”

“असंच लिहिलंय बाबा.”

“नीट वाच गं!”

“तिसऱ्यांदा वाचतेय!”

मला वाटलं, छपाईत काहीतरी घोळ झाला असणार. असं कुठं असतं का?

ऑर्व्हलनं नोटीस दिली, पण चर्चच्या साप्ताहिक पत्रकात! सहभोजनाची वेळ आणि गायनाचा सराव यांच्या मधोमध. “गावात सगळे तेच वाचतात. वर्तमानपत्र कोण वाचतं?” असं त्याचं म्हणणं. चार महिन्यांनी अर्ज परत आला. नियमाला वर्तमानपत्रच हवं होतं.

दुसऱ्या खेपेला तीन कंपन्यांनी हरकती घेतल्या. मी घराच्या मागे उभा. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटले.

तेव्हा राजधानीतून लोर्ना पेटिट नावाच्या वकीलबाई आल्या. त्यांची संस्था राज्याचा अर्थसंकल्प आणि कायदे चाळून काढते आणि बाजार खुला ठेवा म्हणून सरकारच्या मागे लागते. ऑर्व्हलकडून त्यांनी एक पैसा घेतला नाही.

“सरकारनं ब्रेक तपासावेत, विमा तपासावा, माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “पण जुन्या दुकानदाराला विचारून नवं दुकान उघडायचं, यात राखण कुणाची होते?”

“जुन्या दुकानदाराची,” ग्लेना म्हणाली.

“बघा! तुम्हाला कळलं, विधानसभेला कळत नाही.”

सुनावणी फोनवर झाली, माझ्याच केबिनमध्ये, कारण घरात नातवंडांचा दंगा. हरकत घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, “आमच्याकडे तीन आठवडे थांबावं लागतं. लोक थांबतात.” ऑर्व्हलच्या कानशिलाची शीर उडताना मी पाहिली.

तीन आठवडे थांबावं लागतं म्हणजे ट्रक कमीच, हे लोर्नाबाईंनी पटवून दिलं आणि पहिल्या अर्जानंतर दीड वर्षानं परवाना आला. ऑर्व्हल माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. “हा कायदा रद्द करायला कधीही साक्षीला बोलवा,” त्यानं लोर्नाबाईंना सांगितलं. “धावत येईन.”

पुढची चार वर्षं बरी गेली. साक्षीला बोलवायला लोर्नाबाईंचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा तो म्हणाला, काम आहे. दुसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही. मला वाटलं, विसरला असेल. मी भाबडा.

गेल्या वसंतात आम्ही नेपियर आजींचं सामान हलवलं. त्यांची मुलगी ट्वायला शाळेच्या स्वयंपाकघरात राबते. तिनं एकटीनं शिवणयंत्र उचलून माझ्यात चढवलं. ऑर्व्हल खूश. “ट्वायला, शाळेत घेवडा काय ढवळतेस? ट्रक घे आणि सुरू कर!”

तिनं खरंच घेतला. छोटा, निळा, गुणी ट्रक. अर्ज केला, नोटीस दिली, तीही वर्तमानपत्रात.

त्या नोटिशीची प्रत आमच्याकडे आली, कारण आता आम्ही जुने. ऑर्व्हलनं कागद माझ्या बोनेटवर पसरला. मला वाटलं, चुरगळून फेकेल. त्यानं ग्लेनाकडे पेन मागितलं.

“काय करतोयस?”

“हरकत घेतोय.”

“अरे, तूच सांगितलंस ना तिला?”

“या खोऱ्यात एवढ्या ट्रकांना काम नाही, ग्लेना.”

“हेच ते तुझ्याबद्दल म्हणत होते!”

“ते खोटं होतं. हे खरं आहे.”

ग्लेना आत गेली आणि दार आपटलं. तो लिहीत राहिला. पेनाचं टोक मला पत्र्यातून जाणवत होतं.

सुनावणी पुन्हा माझ्याच केबिनमध्ये. फोनमधून ट्वायलाचा आवाज आला, “मिस्टर ऑर्व्हल, ट्रक घे म्हणून तुम्हीच सांगितलंत. मी शाळेतली नोकरी सोडलीय.”

नाही म्हण, मी मनात ओरडलो. कागद मागे घे! मला हॉर्न वाजवायचा होता, पण आमच्या जातीला स्वतःहून काही वाजवता येत नाही.

“माझी हरकत कायम आहे,” ऑर्व्हल म्हणाला. हे मी सांगायलाच हवं: तो दुष्ट नाही, आणि तेच मला सोसत नाही. राज्यानं त्याच्या हाती एक कागद दिला आणि एवढा भला माणूस त्यावर सही करून मोकळा झाला.

ट्वायलाचा अर्ज फेटाळला. शाळेनं तिची जागा भरून टाकली होती. महिन्याभरानं तिनं ट्रक विकायला काढला, आणि घेणारा एकच निघाला.

परवापासून निळा माझ्या शेजारी उभा आहे. ऑर्व्हल त्याच्या दारावरचं ट्वायलाचं नाव खरवडतोय. निळ्या पोराला वाटतं, आपल्याला नवा रंग लावणार आहेत.

“ट्वायला कधी येणार न्यायला?” तो मला विचारतो.

मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी सांगेल का? माझ्याच्यानं होत नाही.