डबीतलं बाळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कोटातले गृहस्थ व्यासपीठावर निळी डबी नाचवत होते.

"हात जोडू नका, मी काही बुवा नाही! हे विज्ञान आहे. नवजात बाळाच्या नाळेतल्या मूळपेशी आहेत यात. जिवंत! त्यांना तुमचा स्पर्श कळतो. इसब मुळासकट जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

गर्दीत एक बाई होती; लाँड्रीत काम करून तिचे हात इसबाने सोलवटले होते. तिने डबी घेतली आणि आठवड्यात कातडी लोण्यासारखी मऊ झाली. पण तिला वेड लागलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. आता मलम लावलं की तिला वाटे, इवलीशी बोटं आपलं बोट धरताहेत. ती डबीला पदराची ऊब देई, तिच्याशी बोले. नवरा दारातच थबके.

तिसऱ्या महिन्यात कातडी पापुद्र्यासारखी पातळ झाली. डबी संपली आणि हात भाजल्यासारखे पेटले.

"रागावलंय ते," ती पुटपुटली.

नणंद रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिने तळाचं मलम खरवडून नेलं, वहिनीलाही सोबत नेलं. आधी स्वतःच्या गालाच्या आतलं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. "या माझ्या पेशी. दिसल्या? आता हे मलम बघ."

"नुसते तेलाचे थेंब... झोपलं असेल गं."

"वहिनी, इथे कुणीच नाही. कधीच नव्हतं."

"मग माझं बोट कुणी धरलं होतं?"

नणंदेने तिला जवळ घेतलं. दोन वर्षं अडलेलं रडू तेव्हा फुटलं.

नणंदेने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या मलमाचा अहवाल आला: जबर ताकदीचं स्टेरॉइड. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध आम्हीही देतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. बेसुमार लावलं तर खाज दबते, कातडी झिजते आणि एकदम सोडलं की दुखणं उसळतं."

पुढच्या सभेत ती उठली. सगळ्यांसमोर हात धरले.

"ताई, तुमचा विश्वास कमी पडला," गृहस्थ हसले.

"विश्वास? मी तुमच्या डबीला अंगाई म्हटली हो!"

ती खाली बसली नाही.

"पेशी असतील तर दाखवायला सांगा यांना. आत काय घातलंय ते लिहून मागा. विचारल्याने कुणाचं काही बिघडत नाही. मी विचारलं नाही, त्याचे हे हात."