गव्हाणातलं फ्रेंच नाटक

कृष्णकांत घरत, म्हणजे सगळ्यांचे किसनदा, हे गव्हाण गावचे पहिले फ्रेंच नाटककार, आणि दुसरा अजून झालेला नाही. तरुणपणी ते फ्रेंच कंपनीच्या मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. खलाशांच्या शिव्यांपासून सुरुवात करून ते भाषा शिकले, फ्रान्सातल्या मार्सेच्या बंदरात स्वस्त तिकिटाची नाटकं पाहून नाटक शिकले, आणि गावी परतल्यावर गावदेवीच्या जत्रेत दरवर्षी स्वतःचं एकपात्री नाटक करू लागले. फ्रेंचमध्ये. मराठीत का नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "मराठीत लिवलं तर कोनावर लिवलंय ते कलेल ना!"

गावाला कळावं म्हणून शेजारचा शिवा बाजूला माइक घेऊन उभा राहायचा आणि वाक्यागणिक भाषांतर सांगायचा. राणी मेली म्हणून राजा ऊर बडवत असला, की शिवा सांगायचा, "राजा म्हनतो, सुनेनं डालीत मीठ जास्त टाकलं." लोक हसून लोळायचे. जत्रेला पाळणे नसले तरी चालायचं, पण किसनदाचं नाटक हवं.

यंदा किसनदा नव्हते. श्रावणातच गेले. मागे एक नाटक राहिलं होतं, लिहून तयार, न केलेलं. एक मेलेला माणूस स्वतःच्याच तेराव्याच्या पंगतीत येऊन बसतो आणि कोण कसं जेवतंय ते पाहतो. त्यांच्या मुलीने, अरुंधतीने, ते स्वतः करायचं ठरवलं. ती नवीन पनवेलला राहायची, कॉलेजात साहित्य शिकवायची, आणि फ्रेंच तिला वडिलांनीच शिकवलं होतं. गावाने एकदा तरी बाबांचं नाटक नाटक म्हणून पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून जत्रेच्या आधी ती शिवाकडे गेली.

"शिवाकाका, यंदा भाषांतर नको. तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

"बसून काय करू बाय? मला काय कलनार हाय?"

"इतकी वर्षं सांगत होतात ना?"

"मी? नाय गो. मी किसनदाच्या तोंडाकडं बघून बोलायचो."

हे ऐकून तिचा निश्चय आणखी पक्का झाला.

संहितेत दर दोन-तीन वाक्यांनंतर वडिलांनी कंसात 'शांतता' लिहिलं होतं. त्या शांततांनी अरुंधती हलून गेली होती. तिने जत्रेच्या स्मरणिकेत त्यावर दोन पानी लेखही लिहिला. माणसाचं मुळातलं एकटेपण, भाषेची हतबलता, शब्दापलीकडचा आकांत. लेखाखाली पापडाची जाहिरात होती.

संध्याकाळी देवळापुढचं पटांगण भरलं. फ्रान्सात पडदा उघडण्याआधी रंगमंचावर काठीने तीनदा ठोकतात. किसनदा मुसळाने ठोकायचे. अरुंधतीने तेच मुसळ घेतलं आणि ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला गुणाबाईने पहिल्या रांगेत बसल्या जागी नारळ फोडला, कारण जत्रेचा नारळ फोडणं हा तिचा मान होता.

नाटक सुरू झालं. अरुंधतीने दोन वाक्यं म्हटली आणि शांतता पाळली. कोणीतरी खोकलं. पुढची दोन वाक्यं, पुन्हा शांतता. मागे कोणीतरी मोटरसायकल सुरू केली. तिसऱ्या शांततेला दोन बायका साड्या झटकत उठल्या. शिवा गुडघे घट्ट धरून बसला होता, एखाद्याने शिंक आवरावी तसा.

गुणाबाईला राहवेना. "ए शिवा! मूग गिलून बसलास काय?"

"मला गप बसवलंय!"

"कोनी?"

शिवाने नुसतं वर बोट केलं. सगळं पटांगण अरुंधतीकडे पाहू लागलं.

तिने घाईने पुढचं वाक्य म्हटलं आणि सवयीने थांबली. आणि त्या रिकाम्या जागेत तिला लहानपणापासून पाठ झालेल्या थांब्याची लांबी ओळखू आली. शिवाकाकाचं एक वाक्य, मग हशा, मग हशा ओसरेपर्यंत हात कमरेवर ठेवून उभे राहिलेले बाबा. त्यांनी एकटेपण बिकटेपण काही लिहिलं नव्हतं. त्यांनी शिवासाठी जागा सोडली होती. ती मात्र त्यावर दोन पानं लिहून बसली होती, आणि ती गावभर वाटूनही झाली होती.

तिने स्टँडवरचा माइक काढला आणि खाली वाकून शिवापुढे धरला.

शिवा उडी मारून वर आला. अरुंधती फ्रेंचमध्ये म्हणाली, "मला कोणी रडलं नाही तरी चालेल, पण माझ्या पानावर कोणीतरी बसा."

"मेलेला म्हनतो," शिवाने सांगितलं, "बटाटे कच्चे हायत, आनि केटरर आपला भावेशच हाय!"

गर्दीतून भावेश ओरडला, "ए, किसनदाचं तेरावं मी नव्हतं केलं!"

"तूच केलंस! बटाटे मी खाल्ले!"

उठलेल्या बायका परत बसल्या. मोटरसायकल बंद झाली. अरुंधती हात कमरेवर ठेवून हशा ओसरायची वाट पाहत राहिली.

शेवटचं वाक्य आलं. "चला, पंगत संपली, उठा आता." ते म्हणताना तिचा आवाज मध्येच तुटला. शिवा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पोरगी म्हनते," तो हळूच म्हणाला, "बाबाची आठवन येते."

"ते आमाला दिसतंय रं," गुणाबाई म्हणाली. "नाटकात काय म्हनते ते सांग."

शिवाने घसा खाकरला. "नाटकात म्हनते, भात अजून उरलाय. कोनी उठू नका."

कोणी उठलं नाही. संहिता तिथेच संपली होती, अरुंधतीकडे पुढचं वाक्य नव्हतं. पटांगणभर माणसं वर तोंड करून बसली होती.

"बोल गो," शिवा माइक झाकून कुजबुजला. "काय पन बोल. मी हाय."