अंगातली हवा

सुगत जिंतूरच्या गाडीनं चारठाण्याला उतरून अंगणात येऊन बसला, तरी माहेरी निघून आलेली अर्पिता पाणी घेऊन बाहेर आली नाही. आमच्याकडं जावयाला पहिलं पाणी लेकीनंच द्यायचं. तिनं दिलं नाही म्हणजे सासरी मारहाण झाली, असं तिच्या बापानं, माझ्या सूर्यभाननं, धरलं. नातीच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. तो तडक विहारापाशी गेला आणि तिथं बसलेल्या चौघा पंचांना घेऊन आला.

"मारलं का तुमी पोरीला?"

"न्हाई मामा."

"मग दुसरी कुणी हाय?"

सुगत खाली बघत राहिला. चौघांतला एकजण म्हणाला, "मुका बसतोय म्हणजे हाय. फारकतीचा कागद करून टाका."

मी आत गेले. अर्पिताला सगळं ऐकू येत होतं.

"बाहेर तुझी फारकत करायलेत. काय केलं त्यानं?"

"हसले."

"हसला म्हणून कुणी नवरा सोडतं का, बाई?"

तिनं ओढणी तोंडावर घेतली. "जवळ होतो तवा माझ्यातून आवाज आला, आजी. मागून न्हाई, पुढून. ते फिस्सकन हसले. सकाळी जाऊबाई पण हसत होती. मला रोग हाय का?"

"कशाचा रोग? आत हवा जाती, ती बाहेर येती. मला सहा लेकरं झाली, मला ठाव न्हाई व्हय? बचत गटाच्या व्यायामाला पाय वर केले की आमच्यातल्या निम्म्या वाजतेत. शिकवणारी बाई म्हणती, वाजू द्या, पाय खाली घेऊ नका."

ती हसली नाही. "हवेचं असू दे. पण जाऊबाईला सांगितलं असंल, तर मी जायची न्हाई."

तिचं बरोबर होतं. मी सुगतला आत बोलावलं. सूर्यभान दारात आडवा आला.

"जे हाय ते पंचांसमोर बोला."

"तू सरक," मी म्हणाले. तो सरकला.

अर्पितानं सरळ विचारलं, "जाऊबाईला काय सांगितलं?"

"कायबी न्हाई. वहिनी मोबाईल बघून हसत असती. तुझी शप्पथ."

"मग तुमी का हसले?"

"घाबरलो. काय बोलावं सुचंना. भरतीच्या सरावाला उठाबशा काढताना माझं सुटतं, तवा पोरं हसतेत. लय लागतं मला. आन् मी तुला तसंच केलं."

"मग तवाच का न्हाई बोलले?"

"तू तोंड फिरवलं. मग धीर झाला न्हाई."

"झालं का न्हाई?" बाहेरून हाक आली.

अर्पिता उठून उंबऱ्यात उभी राहिली. "मारलं न्हाई. दुसरी न्हाई. कारण आमच्या दोघांचं हाय, ते मी सांगायची न्हाई."

"मग जातीस का त्याच्यासंगं?" सूर्यभाननं विचारलं.

"आज न्हाई. ते आज हितंच राहतेत. आमचं बोलणं अर्धं राहिलंय."

चौघं उठले. एकजण चप्पल घालता घालता म्हणाला, "एवढ्यासाठी बोलावलं व्हय आमाला?"

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि सूर्यभानला बाहेरच बसवून ठेवलं.