मनकर्णेच्या गालातली गाठ

मित्रांनो, अकोल्याच्या डॉक्टर शेषरावांच्या दवाखान्यातला तोंड तपासायचा जुना आरसा तो मीच. चेहरा चवलीच्या नाण्याएवढा, दांडी लांब. अंगाने किरकोळ खरा. पण भलेभले पाटील माझ्यापुढे आ वासून बसत! कारखान्यात काचेला पारा लावून मला घडवले आणि बावन्न साली मी डॉक्टरांच्या हाती आलो. उकळत्या पाण्यात न्हायचे आणि माणसांच्या जबड्यात शिरायचे, हेच माझे काम.

एकसष्ट साली बार्शीटाकळीकडच्या दुर्गाबाई आपल्या सुनेला, मनकर्णेला, घेऊन आल्या. तिचा उजवा गाल फुगला होता. आमच्या वऱ्हाडात फुगला गाल पाहून लोक दुसरे काय म्हणणार? तंबाखूचा बार!

"लपून बार धरते, डाक्टरसायेब. तुमीच वदवून घ्या," दुर्गाबाई कडाडल्या.

"आत्याबाई, म्या तंबाखूले कदी हात नाई लावला," मनकर्णेचे डोळे भरले. मला तिची फार दया आली.

मी आत शिरलो. दात स्वच्छ, तंबाखूचा डाग नाही. पण गालात, शाबूत कातडीखाली, घट्ट गाठ होती. डॉक्टरांनी दुर्गाबाईंना बोलावून ती माझ्यात दाखवली.

"दुखते का?" डॉक्टरांनी मनकर्णेला विचारले.

"नाई जी. दुखली असती तं बोलली असती," मनकर्णा म्हणाली.

गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला. गालाच्या मांसात उठणारा कर्करोग निघाला. तो फार क्वचित होतो आणि तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो.

"आता वेळ घालवलात तर पोर हातची जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ देत नाई मी!" म्हणत सासूच तिला मुंबईला घेऊन गेली. तिथे गाठ कापून काढली.

वर्षाने दोघी आल्या. मनकर्णेचा गाल खोल गेला होता, बोलणे थोडे जड झाले होते; पण गाठ पुन्हा आली नव्हती. मी कोपरा न् कोपरा पाहिला. आनंदाने मी लखलखलो!

मनकर्णा उठली, तशा दुर्गाबाई तिच्या खुर्चीत बसल्या. कमरेची तंबाखूची चंची काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"लपून बार म्याच खात होती. आता माहं तोंड पाहा जी."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते काही उगीच नाही!

मित्रांनो, आता माझा पारा उडाला आहे. मी खणात पडून असतो, त्याची खंत नाही. एवढेच मागतो: कुणाचा गाल फुगलेला दिसला, तर बोल लावण्याआधी त्याच्या तोंडात डोकावून पाहा.