एकट्याला वाट नाही

जरा जवळ सरका, बाबांनो. खारकीव्हची एक गोष्ट सांगतो, हलक्या आवाजात सांगण्यासारखी.

लिदिया मार्किव्हनाने स्क्रू केसभर फिरवला आणि श्वास रोखला. खाली, प्रयोगशाळेतल्या लांब नळीच्या तळाशी, द्रव हेलियमच्या गारठ्यात, तांब्याची सुई मिश्रधातूच्या तुकड्याला टेकायची होती. सुई पुन्हा घसरली. हेलियम संपत आलं होतं. हा मिश्रधातू तिच्या नवऱ्याने, हावरिलोने ओतलेला. तो हिवाळ्यात गेला. आज प्रयोग जमला नाही, तर त्याचा शेवटचा निष्कर्ष दोघांच्या शोधलेखातून गळणार होता, आणि त्याच्याबरोबर त्याचं नावही.

तिचा सहकारी ओस्ताप दारात आला. त्याने बाहेरूनच कार्नेशनची फुलं पुढे केली.

"उंबरठ्यावरून नको रे मेल्या! आत ये आधी."

"एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, आणि उंबरठ्याला भिता?"

"भिते. उंबरठ्याखाली गेलेली माणसं राहतात म्हणे. मोजून आणलीस ना? सम फुलं थडग्यावर वाहतात."

"पाच आहेत. जित्या माणसाची." त्याने ती दाराजवळच्या बरणीत ठेवली आणि खिडकीशी, आलेखाच्या यंत्रापाशी जाऊन बसला. "काय म्हणते सुई?"

"हट्टी आहे, हावरिलोसारखी. तो नळीवर बोटाच्या पेराने एकदा टकटक करायचा, की बसायची. माझं ऐकत नाही."

गोष्ट साधी आहे, कीर्तनात सांगावी अशी. तांब्यातला इलेक्ट्रॉन एकेकटा हिंडतो. पण गारठून अतिवाहक झालेल्या, म्हणजे विजेला अडथळाच न करणाऱ्या धातूत जोडीशिवाय प्रवेश नाही. मग सीमेवर आलेला एकटा जीव आपल्यातल्याच दुसऱ्याचा हात धरून पलीकडे जातो, आणि त्या दुसऱ्याची रिकामी जागा आल्या वाटेने माघारी येते. प्रवाह दुप्पट होतो. आपल्या मिश्रधातूत हेच घडतं, एवढंच हावरिलोचं म्हणणं होतं.

लिदियाने कपाळ थंड नळीला टेकवलं.

"ये रे," ती पुटपुटली. "एकटीला जमत नाही."

नळीवर टकटक झाली.

कागदावरची रेघ चढू लागली. दुपटीवर जाऊन स्थिरावली.

"छान ठोकलंस, ओस्ताप!"

"मी? मी तर इथे बसलोय."

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. बरणीत चार फुलं होती आणि मधे एका देठाएवढी पोकळी. बरणीपासून उंबरठ्यापर्यंत पाण्याचे थेंब पडले होते. पलीकडची फरशी कोरडी.

ओस्ताप वाकून टेबलाखाली पाहू लागला.

"शोधू नकोस," लिदिया रुमालाच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाली. "चारच बरोबर आहेत."

लेखात नाव राहिलं. कधी कुणाच्या दारात पाऊल अडखळलं, तर बाबांनो, त्या हावरिलोची क्षणभर आठवण काढा.