नळीतून झिरपणारी वाफ

पंपावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे, पण खरी भाची एकच होती. बहिणीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरकडे शब्द टाकून तिला त्यांनीच इथे चिकटवलं होतं. ती पाच नंबरच्या यंत्रावर उभी राहून गाड्यांमध्ये पेट्रोल भरायची.

मामांची इथली नोकरी अठ्ठावीस वर्षांची, आणि त्यांच्या नाकाचा लौकिक त्याहून मोठा. झाकण नीट बसलं नसेल, एखादा सांधा पाझरत असेल, तर ते वीस पावलांवरून ओळखत. मॅनेजर त्यांच्या शब्दावर निर्धास्त असे.

ते नाक तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं. स्वयंपाकघरात दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा मामा शेजारीच पेपर वाचत बसले होते. मग त्यांनी गुपचूप साबण हुंगला, कांदा हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली. काही नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पंपावर ते हात फिरवून ओल तपासत आणि इतरांचे चेहरे बघून अंदाज बांधत. तेवढ्यावर भागत होतं.

पाच नंबर भिंतीच्या आडोशाला होता. तिथे वारा लागत नसे आणि दुपारचं ऊन थेट नळ्यांवर पडे. दोन वाजले की भाचीचं डोकं ठणकायला लागे. गाडी नसली तरी इथे वास कोंडलेला असतो, असं तिने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने मामांना बोलावलं. मामांनी नळीवरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं. नळी कोरडी ठणठणीत होती.

"काही नाही," ते म्हणाले.

मॅनेजरने तिला वेळेवर खात जा, झोप पुरी करत जा, असं समजावलं. तिने पुन्हा तक्रार केली नाही. डोकं मात्र दुखतच राहिलं.

आठ महिन्यांनी यंत्रांची देखभाल करणारी नवी मेकॅनिक आली. बोलायला तुटक, कामाला चोख. तिने मॅनेजरला सांगितलं की नळी फुटायलाच हवी असं नाही. आत पेट्रोल भरून राहतं, रबर तापतं आणि वाफ रबरातून दिवसभर बाहेर झिरपते. ओल दिसत नाही, थेंब पडत नाही. नव्या नळ्यांना आतून अस्तर असतं, ते वाफेला अडवतं.

मॅनेजर हसून म्हणाला की आमच्याकडे मामा आहेत, त्यांनी ही नळी तपासलेली आहे. मेकॅनिक वाद घालत बसली नाही. तिने पाच नंबरच्या नळीभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद केली आणि तासाभराने पिशवीला भोक पाडून वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी आत सरकवली. आकडा भराभर चढला. मग तिने पिशवी फाडली, तसा मॅनेजर दोन पावलं मागे सरला आणि भाचीने ओढणी नाकाला लावली. मामा जागचे हलले नाहीत.

मेकॅनिक त्यांच्याकडे बघत राहिली. "मामा, तुम्हाला खरंच वास येत नाही?"

मामांनी भाचीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

मॅनेजरने सगळ्याच नळ्या बदलायला सांगितल्या. ते काम दोन दिवस चाललं. एकेक यंत्र बंद करायचं, नळीतलं पेट्रोल डब्यात उतरवायचं, जुनी काढायची, नवी चढवायची. नव्या नळीवर पिशवी बांधून पाहिली, तर मीटरचा आकडा जेमतेम हलला.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मामा भाचीजवळ जाऊन बसले. तू सांगत होतीस ते खरं होतं, मला कळत नसताना मी बोललो, असं ते म्हणाले.

"मला वाटायला लागलं होतं, मीच नाटक करतेय," ती म्हणाली. "आईही तेच म्हणायची. तुम्ही सांगितलंत म्हणून."

मग तिने विचारलं, मामीला माहीत आहे का. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आज सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. मामी आधी चिडल्या, मग त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल अशी आशा कमी आहे. तिथून मामा बहिणीकडे गेले आणि मुलीची काही चूक नव्हती हे तिला समोरासमोर सांगून आले.

आता दर सोमवारी मामा पिशवी आणि मीटर घेऊन सगळ्या नळ्या तपासतात. भाचीचं डोकं आधी रोज दुपारी दुखायचं, आता महिन्यातून कधीतरी. ती मामांशी पूर्वीसारखीच बोलते, त्यांच्यासाठी चहा आणते. यंत्रात काही खटकलं, तर मात्र थेट मॅनेजरकडे जाते.